पारामारिबोहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. ॲमस्टरडॅमहून विमानाला नऊ तास लागले, मुलांनी काही त्रास दिला नाही. इथे दमट उकाडा आहे आणि अधूनमधून धो धो पाऊस. फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि बाबांना कागदावरचं सावकाश वाचायला आवडतं, म्हणून लिहायला बसले.

सासरे 1975 मध्ये, सुरीनाम डचांपासून स्वतंत्र व्हायच्या तोंडावर, इथून हॉलंडला गेले. आता नातवंडांना आपलं गाव दाखवायला आलेत. पाट्या डच, शाळा डच. पण बाजारात भाजीवाली सासूबाईंशी सरनामीत, म्हणजे इथल्या भोजपुरी वळणाच्या हिंदीत, बोलायला लागली आणि आई, मला त्यातलं बरंचसं कळलं! तिच्याकडे हातभर लांब चवळीच्या शेंगा होत्या. त्याची भाजी आणि रोटी असं जेवण आता रोजचंच झालंय.

सासऱ्यांचे आजोबा 1908 मध्ये कलकत्त्याहून जहाजानं इथे आले, एवढंच घरात माहीत होतं. करारावर आणलेल्या मजुरांच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात, त्यात ते सापडले. बाबा, तुम्ही तलाठी होतात, तुम्हाला ही नोंद बघून फार बरं वाटलं असतं. नाव, वडिलांचं नाव, वय 22, जात, उंची, रंग, कपाळावरचा व्रण, गाव, थाना, जिल्हा बस्ती (आताच्या उत्तर प्रदेशातला). त्यापुढे जहाज, कराराची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवलं त्याचं नाव: मारिएनबुर्ग. सासऱ्यांनी ती नोंद मला मोठ्यानं वाचायला लावली, मग पुन्हा एकदा वाचायला लावली.

डचांनी 1863 मध्ये इथली गुलामगिरी बंद केली, पण सुटलेल्या लोकांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली राबवलं. ती मुदत संपली त्याच वर्षी, 5 जून 1873 ला, ‘लल्ला रूख’ जहाजातून आपल्याकडचे पहिले मजूर इथे उतरले. 1916 पर्यंत 34 हजारांवर माणसं आली. करार पाच वर्षांचा, पुरुषाला दिवसाला 60 सेंट, बाईला 40. परतीचा प्रवास फुकट होता, पण तो हक्क सोडला तर जमीन आणि 100 गिल्डर मिळत. आमचे पणजोबा जमिनीसाठी राहिले असावेत, असं सासऱ्यांना वाटतं.

लल्ला रूख संग्रहालयात बायकांच्या जुन्या फोटोंसमोर मी कितीतरी वेळ उभी होते. चांदीच्या नाण्यांची माळ, गळ्यात जाड हसळी, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. जानी तेतरी नावाच्या बाईचा पुतळाही शहरात आहे. 1884 मध्ये झोर्ग एन होप मळ्यावर मजुरांनी उठाव केला, त्यात ती मारली गेली. त्या जागी आधी परदेशी मजुरांवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा पुतळा होता. तो 2017 मध्ये काढून हिला उभं केलं. फार योग्य केलं. धाकटीनं तिच्या पायाशी फूल ठेवलं, आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

मारिएनबुर्गचा साखर कारखाना 1986 पासून बंद आहे. पत्रे गंजून खाली आलेत, चरकाच्या दातेरी चाकांमधून झाडं वर गेलीत. जुलै 1902 मध्ये मजुरीवरून आणि व्यवस्थापक बायकांशी जे वागे त्यावरून मजूर खवळले, त्याला मारलं. सैनिकांनी गोळ्या घातल्या, किमान 17 जण गेले. पणजोबा इथे आले ते सहाच वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांच्या शेजारीच ते ऊस तोडत असणार. तुमचे जावई तिथे कुणाशीच काही बोलले नाहीत. फोर्ट झीलांडियाचं संग्रहालयही पाहिलं, त्याबद्दल भेटल्यावर सांगेन.

आई, मला त्या नोंदीत सगळ्यात जास्त लागलं ते पणजोबांच्या वडिलांचं नाव. मुलगा कुठे गेला हे त्यांना कळलं तरी असेल का? कित्येकांनी घरी न सांगताच गाव सोडलं होतं. मी निघाले तेव्हा तुमच्याकडे माझा पत्ता होता, फोन होता, तरी तू आठ दिवस धड जेवली नव्हतीस हे दादानं मला फार उशिरा सांगितलं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. इथे आल्यापासून तुमची दोघांची सारखी आठवण येते.

आता एक मागणं आहे. सासऱ्यांना ते गाव बघायचंय. पण जुन्या बस्ती जिल्ह्याचे आता तुकडे झालेत, सिद्धार्थनगर 1988 मध्ये वेगळा निघाला, संत कबीरनगर 1997 मध्ये, तेव्हा हे गाव आज नेमकं कुठे मोडतं ते आधी शोधायला हवं. बाबा, फेब्रुवारीत आमच्याबरोबर याल का? महसुली दप्तरात काय मागायचं, कुणाला विचारायचं, हे तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही, आणि सासरे मलाच सारखं विचारतात की तुझे बाबा येतील ना. आई, अयोध्या तिथून जवळच आहे, सासूबाईंना तुझ्यासोबत जायचंय.

गुडघ्यांना झेपेल का ते डॉक्टरांना विचारा आणि कळवा, म्हणजे तिकिटं काढते. गावाचं आणि थान्याचं नाव मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

तुमची,
ताई