झाकण हवे, पण हवाबंद नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी तेच आवाहन होते: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेले पाणी ओतून द्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला स्वच्छ, साचलेले पाणीच लागते आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा आवाहन रास्तच आहे. पंचाईत होते ती घरात प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्यांची. गणपतीला कोकणात दहा दिवस जायचे तर वीस-तीस लिटर शुद्ध पाणी मागे भरून ठेवावेच लागते. पुण्यात अशा टाक्या आता बऱ्याच घरांत दिसतात, म्हणून या पाण्याविषयी थोडे सविस्तर.

टाकीतून पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. 200 लिटरच्या टाकीतून दिवसाला साधारण 2 लिटर जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा असेल तर 4 सुद्धा. 20 लिटर उडाले की क्षारता हजारी 35 वरून 39 च्या घरात पोहोचते. प्रत्यक्षात त्याआधीच संपमधला (हरताळ नव्हे, टाकीखालची छोटी टाकी) रिटर्न पंप, म्हणजे पाणी वरच्या टाकीत परत चढवणारा पंप, कोरडा पडून जळतो. म्हणून घर बंद असताना ही भर एक छोटा पंप साठवणीच्या कॅनमधून नळीने संपमध्ये घालतो, आणि पातळी पाहून त्याला चालू-बंद करतो तो फ्लोट, म्हणजे तरंगता स्विच.

किती साठवायचे हे अंदाजाने ठरवू नये. निघण्याच्या आठवड्यात तीन दिवस पंखा, दिवे नेहमीसारखे ठेवून चोवीस तासांत किती भर लागते ते मोजावे. सर्वांत मोठा आकडा घ्यावा, दिवसांनी गुणावा, वर पाव हिस्सा धरावा. 2.4 लिटर आणि दहा दिवस म्हणजे 24, पाव हिस्सा धरून 30. इथे थांबावे. ‘असू दे जास्तीचे’ म्हणून 100 लिटरचा ड्रम जोडणे हीच मोठी चूक. फ्लोट अडकून तो सगळा रिकामा झाला तर आधी खालच्यांच्या छताला ओल येते, आणि सगळे पाणी टाकीत मावले असते तरी क्षारता 23 वर आली असती. साठा तेवढाच ठेवावा, जेवढा एकदम सांडला तरी टाकी तगेल.

पाणी आरओ-डीआयचेच हवे, म्हणजे आधी आरओच्या पडद्यातून आणि मग उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून गाळलेले; मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचे चालत नाही, कारण त्यात क्षार उरलेले किंवा चवीसाठी परत मिसळलेले असतात. ‘कॉपर’वाला प्युरिफायर तर अजिबात नको. माणसाला चालणारे तेवढे तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना विष ठरते. (तांब्याचा हंडा आणि पितळी तोटीही त्याच कारणाने बाद.) बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर कोणत्या कॅनमधून आले, त्यात आधी ॲसिड होते का, हे कळायला मार्ग नसतो. धरणाचे पाणी मऊ असते. टँकरचे बोअरचे पाणी जड, त्यात बेसाल्टमधला सिलिका. रेझिन थकत आले की सिलिका सर्वांत आधी निसटतो आणि मीटर तरीही शून्यच दाखवतो. मग पंधरा दिवसांनी काचेवर तपकिरी थर धरतो. टँकरवर असाल तर साठा भरण्याआधी रेझिन बदला. गुरुवारच्या पाणीबंदीनंतर येणारे पहिले गढूळ पाणीही आरओच्या पडद्याला (मेम्ब्रेनला) दाखवू नका.

आता भांडे. शुद्ध पाणी मिळेल ते विरघळवून घेते, हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा. म्हणून साठवल्यावर मीटर 0 वरून 1 वर गेला तर घाबरायचे कारण नाही. 5 किंवा 10 दाखवू लागला तर भांडे खराब. तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असलेला, खाद्यपदार्थांसाठीचा, कोरा कॅन घ्यावा. रंगाचा, फिनाइलचा किंवा लोणच्याचा धुतलेला डबा नको, वास जातो पण जिरलेले रसायन जात नाही. कॅन पारदर्शक असेल तर काळ्या कापडात गुंडाळावा, नाहीतर शेवाळ धरते. जागा सावलीतली, जमिनीवर. 30 लिटर म्हणजे 30 किलो, ते फळीवर पेलत नाही. डासांची कॉइल, स्प्रे, फिनाइल यांपासून लांब.

झाकणाचे बहुतेकांना नीट उमगत नाही. घट्ट बूच लावले तर पंप पाणी ओढताना आत हवा शिरत नाही. कॅन आत ओढला जातो, धार बारीक होत थांबते, आणि हे होते चौथ्या-पाचव्या दिवशी, घर बंद असताना. उघडे ठेवले तर डास. झाकणाला नळीपुरते एक भोक आणि हवेसाठी 5-6 मिलिमीटरचे दुसरे पाडावे. दुसऱ्यावर डासांच्या जाळीची दुहेरी घडी सिलिकॉनने चिकटवावी. पहिल्यात नळीभोवती फट उरली तर तीही सिलिकॉननेच बुजवावी. काम संपले.

नळीचे टोक संपच्या पाण्याच्या वर, निदान चार बोटे, मोकळे लटकलेले असावे. ते पाण्यात बुडालेले असले आणि कॅनमधली पातळी संपपेक्षा खाली गेली, तर पंप थांबल्यावर खारे पाणी उलटे कॅनमध्ये येते. कॅन संपपेक्षा उंच असेल तर पंप बंद होऊनही धार चालूच राहते. पंप चालू करून प्लग काढावा आणि नळीच्या टोकाकडे बघत बसावे. थेंब काही सेकंदांत थांबले नाहीत तर कॅन खाली घ्यावा.

फ्लोटवर एकट्यावर भरवसा नको. गोगलगाय त्यावर चढते, मिठाचा थर बसतो. मिनिटाला 50 मिलिलिटर देणारा छोटा पंप घ्यावा आणि त्याचा प्लग साध्या चोवीस तासांच्या टायमरवर लावावा, पंधरा-पंधरा मिनिटे चार वेळा. फ्लोट अडकला तरी दिवसाला 3 लिटरच जातील, म्हणजे गरजेपेक्षा 600 मिलिलिटर जास्त. दहा दिवसांचे ते 6 लिटर संपमध्ये मावतात का, हे मेन स्विच बंद करून, वरच्या टाकीचे पाणी खाली उतरू देऊन आधीच बघावे. भरीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालणाऱ्यांनी गावाला जाताना ती बंद ठेवावी. तिचा पीएच 12 च्या वर असतो. साधे पाणी जास्त पडले तर निस्तरता येते, निवळी पडली तर नाही.

शेवटची बाब आरोग्य विभागासाठीही. तपासणीला आलेले कर्मचारी साठवलेल्या पाण्यात अळीनाशक टेमेफॉस, म्हणजे आपण ज्याला ॲबेट म्हणतो ते, टाकतात. पिंपासाठी ते ठीकच. पण ते पाणी टाकीत गेले तर कोळंबी आणि खेकडे वाचत नाहीत. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि त्यांना यातले काही ठाऊक नसते. म्हणून कॅनवर ठळक मराठीत लिहावे: ‘जाळी लावलेली आहे. औषध टाकू नये. नळाचे पाणी घालू नये.’ विभागाने आपल्या पत्रकात ‘जाळीबंद साठा तपासावा, सरसकट औषध टाकू नये’ अशी एक ओळ घातली तर बरे होईल.

परत आल्यावर उरलेले पाणी झाडांना घालून कॅन नुसता रिकामा करून ठेवू नये. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. आतून पांढऱ्या व्हिनेगरने आणि मऊ स्पंजने, साबण न लावता, खासकरून ती रेषा घासावी. बुळबुळीत थरही त्यातच निघतो. मग दोनदा आरओ-डीआयच्या पाण्याने खळबळून कॅन उपडा ठेवावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे