आई-बाबा, दोघांना एकच पत्र

पुणे, मंगळवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी हाताने दोनदा लिहिणार आहे. एक प्रत उद्या सकाळी सिस्टरांकडे देईन, ती चौथ्या मजल्यावर बाबांना मिळेल. दुसरी वाईला, आईला. दोन्हींत मजकूर अगदी सारखा. ह्याला एक सांगायचं, तिला दुसरं सांगायचं, हे आपल्या घरात फार झालं. निदान हे पत्र तरी तसं नको.

आधी माझ्याकडून झालेली चूक सांगते. बाबा, तुम्ही न्हाणीघरात पडलात, खुब्याचं हाड मोडलं आणि तुम्हाला वाईहून इथे आणलं, त्या रात्री अपघात विभागातल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं, "दारू घेतात का? रोज? किती? शेवटची कधी घेतली?" आई शेजारी उभी होती. तिने माझं मनगट दाबलं. आणि मी म्हटलं, "नाही हो, सणावाराला कधीतरी." दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, तेव्हाही तेच उत्तर दिलं. मी बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई. पण त्या क्षणी आपल्या ओसरीवरची मुलगी झाले, दारात कुणी आलं की "बाबा झोपलेत" म्हणणारी.

ते हे का विचारतात, ते मला तेव्हा कळलं नाही. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याची एकदम बंद झाली, की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाकुणाला भ्रम होतो, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस त्यात दगावू शकतो. मी पहिल्या रात्रीच खरं बोलले असते, तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं.

तिसरी रात्र तुम्हाला आठवत नाही. डॉक्टर म्हणतात आठवणारही नाही. पण मला सांगू द्या, कारण मी ती एकटीने पाहिली आणि ते आता पोटात ठेवता येत नाही. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या भ्रमात एस.टी. चालवत होता, बाबा. दोन्ही हात हवेत, स्टिअरिंगवर असावेत तसे. डावा हात गिअरसाठी खाली यायचा आणि सलाइनची नळी ताणली जायची. रॉड घातलेला उजवा पाय ब्रेकवर दाबत होता. अंगाला घाम, डोळे समोरच्या भिंतीवर. पसरणीचा घाट चालला होता. "धुकं आहे, हळू घेतो," म्हणालात. मग थांबून विचारलंत, "चिमी बसली का नीट बॉनेटवर?" मी म्हटलं, "बसले, बाबा." तेवढ्याने तुम्ही शांत झालात, दोन मिनिटं.

शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला मनगटावरच्या खुणा दाखवल्यात आणि विचारलंत, कुणी बांधलं. मी खिडकीकडे बघत राहिले. बांधायला संमती मी दिली होती. मऊ पट्टी होती, आणि पाय पुन्हा मोडू नये म्हणूनच बांधलं. पण दिली मी. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्या वॉर्डबॉयवर नको.

त्या तिसऱ्या रात्रीच साडेतीनला मी रात्रपाळीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. रोजची एक क्वार्टर, गेली दोन वर्षं कधी दीड. दुपारपासून सुरुवात. गव्हाच्या डब्यातली बाटली. आई, तू म्हणतेस घराची अब्रू मी त्या टेबलावर मांडली. मांडली गं. पण त्यानंतर वीस मिनिटांत बाबांना लोराझेपाम सुरू झालं, ब1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली, आणि चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला ओळखून "जेवलीस का" विचारलं. तुझा हात माझ्या मनगटावर होता म्हणून मी तुला दोष देत नाही. मीही हेच केलं असतं. मी केलंच की.

आता निर्णयाचं, म्हणजे व्यसनमुक्तीच्या वॉर्डात दाखल होण्याचं. बाबा, परवा तुम्ही जावयांना म्हणालात, चिमीने फसवून सही घेतली. फसवून नाही. तुम्ही पूर्ण शुद्धीवर आल्यावर, चार दिवसांनी, डॉक्टरांनी तुम्हाला अर्धा तास समजावलं. तुम्ही चष्मा मागितलात, कागद वाचलात आणि रजेच्या अर्जावर करायचात तशी ठसठशीत सही केलीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे, स्वतःच्या इच्छेने दाखल झालेला माणूस स्वतःच्या सांगण्याने घरी जाऊ शकतो. फार तर तपासणीसाठी डॉक्टर 24 तास थांबवू शकतात. म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे. मला माझ्याकडे ती नकोच. फक्त तीन आठवडे ती खिशात ठेवा, एवढं मागते.

आई, फोनवर तू म्हणालीस, "बापाला येरवड्याला टाकलंस." हे ऐकून मी जिन्यातच बसले. येरवड्याला नाही गं. हे तेच हॉस्पिटल, हाडाचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, हा चौथ्यावर, लिफ्टने एक मिनिट. तेच फिजिओवाले रोज दहाला वर येतात, तेच डॉक्टर टाके बघून गेले. पाय, रक्तदाब आणि दारू, तिन्हींकडे एकाच छताखाली बघता यावं म्हणून हे ठिकाण. आणि ज्या येरवड्याच्या नावाने तू रडलीस, त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीतून. तिथून किती माणसं सुधारून घरी गेली. ते नाव ऐकून डोळ्याला पदर लावायचं काही कारण नाही.

डोकं भादरतील, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालतील, शॉक देतील, असं शेजारच्या काकूंनी तुझ्या डोक्यात भरवलंय. जबरदस्तीने मुंडण करायला कायद्यानेच मनाई आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. बाबांनी आज निळा चौकडीचा शर्ट घातला होता. दारूसाठी शॉक देत नाहीत, आणि ज्यांना वेगळ्या आजारासाठी देतात त्यांनाही भूल दिल्याशिवाय देता येत नाही. वॉर्डाच्या दाराला कुलूप असतं, हे मात्र खरं आहे, ते लपवत नाही. फोन पहिला आठवडा सिस्टरांकडे राहतो आणि दाढीचं ब्लेड त्यांच्याकडून मागून घ्यावं लागतं.

बाकी त्यांचं सगळं नीट चाललंय, एकेक सांगते. खाट खिडकीजवळची मिळाली, सकाळचं ऊन पायावर येतं. खुब्यासाठी उंच कमोडची खुर्ची आहे, खाली बसावं लागत नाही. सहाला चहा, पण पहिल्या दिवशी कोमट होता, तेव्हापासून मी थर्मास देऊन ठेवलाय. रात्री पोळीऐवजी भाकरी मागितली तर मिळते. शेजारच्या खाटेवर फलटणकडचे निवृत्त मास्तर आहेत, दोघांचं पेपरातल्या शब्दकोड्यावरून भांडण चालतं. वॉकर धरून काल दाराशी जाऊन आले. हात अजून थोडे कापतात, कप दोन्ही हातांनी धरतात. बाबा, तुमची गोधडी आईने पाठवली तशीच अंथरलीय, सिस्टर बदलू देत नव्हत्या, मी भांडले.

शनिवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना आधार देणाऱ्या गटाची माणसं येतात. बाबा, तुम्ही म्हणालात, मी कुठे बेवडा आहे, मी कधी रस्त्यात पडलो नाही. खरंच नाही पडलात. तीस वर्षं घाटात गाडी चालवलीत, ड्यूटीवर एक थेंब नाही, विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देवघराशेजारी लटकतोय. म्हणून तर मला खात्री आहे. जो माणूस पहाटे साडेपाचच्या फेरीसाठी स्वतःला इतकी वर्षं आवरू शकला, त्याच्याकडे जिद्द कमी नाही. डॉक्टरही हेच म्हणाले, हा जिद्दीचा प्रश्न नाही, मेंदूला सवय लागलीय, तिला औषध आणि सोबत दोन्ही लागतं. तुम्ही शनिवारी नुसते जाऊन बसा. बोलू नका हवं तर.

मला आठवतं, बॉनेट तापायचं म्हणून तुम्ही दुहेरी पोतं घालून द्यायचात. मी पाय पसरले की म्हणायचात, "पाय बाजूला घे चिमे, गिअर टाकायचाय." घाटात मला मळमळायला लागलं की वरच्या खिशातून मीठ लावलेला आवळा निघायचा. त्या खाकी शर्टाचा वास, डिझेल आणि घाम आणि आवळ्याचा, मला अजून कुठेही ओळखता येईल. पुढे घरात दुसराच वास यायला लागला. तेव्हापासून मी तुमच्या जवळ बसायचं सोडलं. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही कधी विचारलं नाही. ते मला फार लागलंय, माझंच मला.

आता आई, तुझ्याकडे येते. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझी झोपेची गोळी. अल्प्राझोलम, अर्ध्या मिलिग्रॅमची, आता रात्री दोन. डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला काय चालू आहे विचारलं, तेव्हा मी हेही सांगितलं. चिठ्ठी बारा वर्षांपूर्वीची. दुकानदार ओळखीचा, म्हणून बाबा पट्टी आणून द्यायचे. बाबांनी तुझी गोळी आणायची, तू त्यांची बाटली गव्हात ठेवायची, आणि मी दारात आलेल्याला झोपलेत म्हणायचं. तिघांनी तिघांना सांभाळलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यांची रोजची आणि तुझी गोळी, दोन्हींची सुरुवात एकाच वर्षातली, नंदूच्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण ही गोळी या वयात तोल घालवते, विसराळूपणा आणते. दोनदा तू कुकर गॅसवर ठेवून झोपलीस. मात्र नीट ऐक, हे पत्र वाचून आज रात्री गोळी बंद करायची नाही. दारूसारखंच आहे हे, एकदम सोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर पाव-पाव करत काही आठवडे, काही महिने घेऊन कमी करतील. तोवर जितकी घेतेस तितकीच घे, एकही जास्त नको. पुढच्या बुधवारची तुझी वेळ मी घेऊन ठेवलीय. ते तुला वेडी म्हणणार नाहीत. बारा वर्षं झोप का येत नाही, एवढंच विचारतील. हा प्रश्न आमच्यापैकी कुणी तुला विचारलाच नाही.

आणि ती चहात घालायची पूड, "नकळत दारू सोडवा" जाहिरातीवरून मागवलेली, मला स्वयंपाकघरात हळदीमागे सापडली. टाकून दे. आजच. अशा पुड्यांत काय असतं कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं दारू सोडवायचं औषध असलं आणि वरून दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, बाबांच्या वयात जिवावर बेतू शकतं. तू जीव तोडून केलंस ते, ठाऊक आहे मला. पण जे औषध द्यायचं ते बाबांना सांगून.

रात्री जीव घाबरला तर मला उठव. मी उचलला नाही तर 14416 लाव, सरकारच्या टेली-मानस या मानसिक मदतीच्या सेवेचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास, मराठीत बोलतात. देवघराशेजारच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. नाव सांगायची भीती वाटली तर नुसतं "झोप येत नाही" म्हण.

बाबा घरी आल्यानंतरचं मी ठरवलंय, तुम्हा दोघांना न विचारता, माफ करा. पहिला महिना तुम्ही दोघं माझ्याकडे. जावयांनी खालची खोली रिकामी केलीय, न्हाणीघरात दांडा आणि खरखरीत फरशी बसवलीय. टीव्हीवर बातम्यांचं चॅनल बाबांचंच राहील. मग वाईला परत. पुढच्या तपासण्यांना दर वेळी पुण्याला यायला नको म्हणून साताऱ्याला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्रात जायचं ठरवलंय, एस.टी.ने सोपं आहे. पुन्हा एखाद्या दिवशी घेतली गेली तर लपवायची नाही. त्याच दिवशी मला फोन. मी ओरडणार नाही. हे लिहून देते, दाखवून भांडा माझ्याशी.

आई, पुढच्या बुधवारी सकाळी सातची गाडी धर. अर्धं तिकीट, सुट्टे घे. खिडकीशी बस, मी स्वारगेटला उभी असेन. बाबांचा दुसरा चष्मा आण, कपाटाच्या वरच्या कप्प्यात काळ्या डबीत आहे. शेंगदाण्याचे लाडू आणलेस तर दारात सिस्टर डबा उघडून बघतील, एखादा फोडूनही बघतील. सगळ्यांचंच बघतात. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, चार लाडू जास्तीचे घे.

तुमची,
चिमी