अप्पा, आपण आणलेल्या दहीभाताबद्दल

आदरणीय अप्पांस,
सादर नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे, कारण माझ्या पतींच्या आजारपणात आपण जे केले ते आपण स्वतःहून कुणालाही सांगणार नाही, आणि ते आपल्या सोलापुरातल्या माणसांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ऐन संक्रांतीच्या तोंडावर त्यांना पक्षाघात झाला. ज्या हातांनी त्यांनी सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत वर्षानुवर्षे मिरवणुकीचा उंच, जड नंदीध्वज पेलला, त्यांतला उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. भेटायला पुष्कळ माणसे आली, मात्र त्यांतल्या बहुतेकांनी ‘सिद्धेश्वर महाराज परीक्षा पाहत आहेत’ हे वाक्य त्या परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे उच्चारले. सेवेत काय चुकले, सोवळे नीट पाळले होते का, असे प्रश्न रुग्णालयाच्या व्हरांड्यात मला विचारले गेले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर पती बोलू लागेपर्यंत अन्नाला शिवायचे नाही असे व्रत मला घ्यायला लावले आणि स्वतः जेवायला घरी निघून गेले. त्यांच्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या, म्हणजे अक्षतांच्या दिवशी रात्री उशिरा आपण आलात. अंगात पांढरी बाराबंदी तशीच होती, पाय अनवाणी होते, आणि दिवसभराच्या मिरवणुकीने आपल्याला नीट उभेही राहवत नव्हते. आपण पतींच्या उशाशी भस्म ठेवलेत, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेत आणि पिशवीतून दहीभाताचा डबा काढलात. मी व्रताचे सांगितले, तेव्हा आपण एवढेच म्हणालात, “मल्लय्यानं स्वतः दहीभात मागितला होता, पोरी. उपाशी राहा असं तो कुणाला सांगेल? जेव.” माझा शेवटचा घास होईपर्यंत आपण बाकावर बसून राहिलात.

अप्पा, ती कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गुरे राखणाऱ्या सिद्धरामाने, म्हणजे पुढे सिद्धेश्वर महाराज झालेल्या पोराने, जंगमाच्या म्हणजे फिरत्या शिवभक्ताच्या रूपात आलेल्या मल्लय्याला, श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाला, हुरडा दिला, त्याने दहीभात मागितला म्हणून तो घरी धावला, आणि परत येऊन पाहतो तर जंगम नाहीसा झालेला. त्याला शोधत तो थेट श्रीशैलापर्यंत गेला, आणि तिथेही भेट होईना म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला. मला मात्र यापुढचा भाग त्या रात्रीपर्यंत कधी महत्त्वाचा वाटला नव्हता. देवाने त्या पोराचा जीव मागितला नाही, त्याला श्रीशैलावर ठेवूनही घेतले नाही. सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, परत जा आणि तिथे काम कर, असे सांगितले. सिद्धराम परतला, त्याने तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगे स्थापिली. प्रत्यक्ष भेटलेला देव मागे सोडून गावी मातीकामाला परतणे त्याला किती जड गेले असेल याचा विचार मी पुढे कितीतरी रात्री करत राहिले, आणि देवाची आज्ञा पाळणे म्हणजे काय हे मला त्यातूनच उमगत गेले. माझ्यापुढचे काम वेळेवर औषध देण्याचे, त्यांची कूस बदलण्याचे, हाताला व्यायाम देण्याचे होते, आणि त्यासाठी अंगात बळ हवे होते. त्या व्रताच्या आड मी देवाशी सौदा मांडला होता. तो आपण मला एका शब्दानेही न दुखावता सोडायला लावलात.

पतींचा हात पूर्ववत झालेला नाही. बोलणे हळूहळू येत आहे. तरीही रोज सकाळी ते डाव्या हाताने कपाळाला भस्म लावतात, आणि मला आता देवाला ‘का’ असे विचारावेसे वाटत नाही. आपल्यासारखी माणसे या गावात पुष्कळ आहेत. ती उपदेश करत नाहीत, म्हणून त्यांची नावे कुणाला ठाऊक नसतात. त्या रात्री आपल्याला अवेळी आत सोडणारा दारावरचा पहारेकरीही त्यांतलाच, आणि त्याचेही मी इथे आभार मानते.

एक विनंती आहे. नंदीध्वजाचा सराव सुरू झाला की यांना तिथे नुसते बसायला यायचे आहे. आपण परवानगी दिलीत तर मी त्यांना घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
नंदीध्वजाच्या एका सेवेकऱ्याची पत्नी
सोलापूर