ध्रुवापर्यंत न उतरणारा माउंट : बदली किंवा पूर्ण परतावा मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : जाहिरातीत दिलेली अक्षांश मर्यादा खोटी असल्यामुळे विषुववृत्तीय माउंट बदलून देण्याबाबत किंवा पैसे परत करण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी जानेवारीत विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारी यांत्रिक बैठक, मागवला. १,१२,००० रुपये आगाऊ भरले. त्या माउंटच्या फोटोखाली आजही ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे : ‘अक्षांश मर्यादा १० ते ६५ अंश. भारतात कुठेही वापरा.’ प्रत्यक्षात तो २० अंशांच्या खाली उतरत नाही. मी कोल्हापूरच्या दक्षिणेला राहते. आमच्या गावाचा अक्षांश साधारण साडेसोळा. माउंटचा अक्ष ज्या बिंदूवर रोखायचा, तो खगोलीय उत्तर ध्रुव (ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं) इथून क्षितिजाच्या वर साडेसोळा अंशांवरच असतो. आपला माउंट त्याच्या साडेतीन अंश वरच अडकतो. फोनवर आणि ईमेलवर हे वारंवार सांगून झालं, म्हणून आता हे रीतसर पत्र.

आपल्या ग्राहक सेवेतल्या एकांनी मला विचारलं होतं, ‘थोड्याशा फरकाने एवढं काय बिघडतं?’ आधी त्याचंच उत्तर देते.

माझ्याकडे ७२ मिलिमीटर व्यासाची छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आहे, नाभीय अंतर ४३२ मिलिमीटर, आणि तिच्या मागे कॅमेरा. घरामागच्या परड्यातून मी दीर्घिकांचे आणि तारकागुच्छांचे फोटो काढते. शामशबल तारकासमूहातली एम ५१ ही दीर्घिका घ्या. ती अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिचे वळलेले हात पहिल्यांदा दिसले ते १८४५ साली, आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना, ७२ इंची आरशाच्या अवाढव्य दुर्बिणीतून. तेच हात आज मी ७२ मिलिमीटरच्या भिंगातून माझ्या नववीच्या वर्गाला दाखवू शकते, कारण कॅमेऱ्याला प्रकाश साठवता येतो. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम तासन्‌तास घ्यायच्या आणि नंतर स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून त्यांचा एक फोटो करायचा. पण त्या तीन मिनिटांत आकाश थांबत नाही, ते सेकंदाला सुमारे १५ कोनीय सेकंद (एका अंशाचे ३,६०० कोनीय सेकंद) सरकत राहतं. माउंटचं काम एवढंच, की पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरत दुर्बीण ताऱ्यांबरोबर न्यायची. अक्षच समांतर नसेल तर मोटर कितीही अचूक असली तरी ती दुर्बीण भलतीकडेच नेते. भिंग लहान चालतं, कॅमेरा जुना चालतो, शेजारच्या गावाचा उजेडही काही प्रमाणात चालवून घेता येतो. माउंटमध्ये मात्र तडजोड चालत नाही. म्हणूनच माझा सगळ्यात जास्त पैसा त्यात गेला.

साडेतीन अंशांचा हिशोब असा. पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेला तारा या चुकीमुळे सेकंदाला जवळजवळ एक कोनीय सेकंद घसरतो. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.८ कोनीय सेकंदांचा आहे. म्हणजे अर्ध्या मिनिटात पंधरा पिक्सेल, तीन मिनिटांत नव्वद. सोबत सिंह राशीतल्या तीन दीर्घिकांचा फोटो पाठवते आहे, एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८. तो मोठा करून पाहा. एकही तारा गोल नाही, सगळ्या रेघा आहेत. एनजीसी ३६२८ कडेने दिसते आणि तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा असतो. त्या पट्ट्यासाठीच तर तिचा फोटो काढायचा. तो पट्टा या फोटोत पूर्ण पुसला गेला आहे.

आता माउंटमधला दोष. उंचीचा एक बोल्ट सैल सोडत आणि दुसरा आवळत गेलं, की डोकं हळूहळू खाली येतं. काटा २० च्या रेघेवर आला की ‘टक्’ असा आवाज होतो आणि डोक्याची खालची कड तळाच्या ओतीव कठड्यावर टेकते. दोन्हींच्या मध्ये वहीचा कागदसुद्धा सरकत नाही. तिथून पुढे आवळलं तर बोल्ट वाकेल, डोकं हलणार नाही. बाजूच्या पट्टीवर मात्र अंश शून्यापर्यंत छापलेले आहेत. त्यातही दांडा सरळ खाली, या मूळ स्थितीत काउंटरवेटची (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाची) तबकडी ट्रायपॉडच्या उत्तरेच्या पायाला घासते. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट अशी की खोक्यातल्या इंग्रजी माहितीपुस्तिकेच्या तांत्रिक तक्त्यात मर्यादा ‘२० ते ६५ अंश’ अशीच दिलेली आहे. बनवणाऱ्याने खरं ते लिहिलं आहे. आपल्या संकेतस्थळावर त्या २० चे १० झाले, आणि ते वाचूनच मी पैसे भरले. त्या पानाचा आणि आपल्या जाहिरातीचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून सोबत जोडला आहे.

आपल्याकडून आलेली उत्तरं मी जपून ठेवली आहेत. पहिलं उत्तर, तुमच्याकडे प्रकाश प्रदूषण असेल. त्याने फोटोची पार्श्वभूमी उजळते, तारे लांबट होत नाहीत. दुसरं, ऑटोगायडर घ्या. गायडर एका ताऱ्याला जागच्या जागी धरतो हे खरं, पण अक्ष एवढा चुकलेला असेल तर उरलेलं सगळं दृश्य त्या एका ताऱ्याभोवती फिरत राहतं आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांच्या कमानी होतात. गायडर माझ्याकडे आहेच, त्या कमानींचा फोटोही पाठवला होता. तिसरं उत्तर, दक्षिणेकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवा. तेही केलं. ट्रायपॉड समपातळीत नसला तरी चालतं, अक्ष ध्रुवाकडे असला म्हणजे झालं, हे मलाही ठाऊक आहे. पण बोल्टला वर-खाली हलायला थोडी जागा मिळावी म्हणून ठोकळे आणखी वाढवावे लागतात. मग ट्रायपॉड उत्तरेकडे झुकतो, दुर्बीण आणि वजनं मिळून सगळा भार त्या एका पायावर येतो, परड्यातली माती दबते आणि नीट लावलेलं पोलर अलाइनमेंट (अक्षाची ध्रुवाकडची दिशा) तासाभरात हलतं. रात्री अंधारात या सगळ्याभोवती मुलं उभी असतात. झुकलेल्या ट्रायपॉडवर ठेवलेल्या दुर्बिणीजवळ मी त्यांना येऊ देऊ शकत नाही. लाखाच्या वर किमतीच्या यंत्राला ठोकळ्यांचा आधार द्या, हे कंपनीने सांगावं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

चौथं उत्तर म्हणजे सात दिवसांची परतीची मुदत संपली. मला हे मान्य नाही. ती मुदत मन बदललं तर वस्तू परत करण्यासाठी आहे. जाहिरातीत सांगितलेला गुण वस्तूत नसेल तर ती मुदत पुढे करता येत नाही.

हा प्रश्न एकट्या माझ्या परड्याचा नाही. पुणे साडेअठरा अंशांवर, मुंबई एकोणीसवर, सोलापूर साडेसतराच्या जरा पुढे. हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, तिरुवनंतपुरम हे सगळं २० च्या खाली. ‘भारतात कुठेही’ म्हणून विकलेला माउंट अख्ख्या दक्षिण भारतात आणि निम्म्या महाराष्ट्रात ध्रुवाकडे रोखताच येत नाही. या भागात ग्राहक नाहीत असंही नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. हौशी निरीक्षकांची परंपरा इथे जुनी आहे.

शिवाय हा कमी अक्षांश आमच्यासाठी भाग्याचा आहे. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सगळ्यात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर, लाखो ताऱ्यांचा. ज्या यादीतून हे ‘एम’ क्रमांक येतात, त्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांच्या यादीत तो नाही, कारण पॅरिसहून तो उगवतच नाही. आमच्याकडे तो क्षितिजाच्या वर २६ अंशांपर्यंत चढतो. जवळच नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे, आणि आणखी वर एम ८३ ही दुसरी दीर्घिका. हे आकाश आमच्या अंगणात आहे आणि त्यासाठीच मी दुर्बीण घेतली. ज्या देशात आपण व्यापार करता, त्याच्या आकाशासाठी आपला माउंट योग्य आहे की नाही एवढं तपासून विकणं ही किमान जबाबदारी आहे.

वेळेचं नुकसान तर भरून निघणारच नाही. सिंह, कन्या, अरुंधती केश, शामशबल हा दीर्घिकांचा प्रदेश संध्याकाळी वर येतो तो नेमका फेब्रुवारी ते मे. त्यातही चंद्र नसलेल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्रीच कामाच्या. माघातली अमावास्या गेली, पाडव्याच्या आधीची गेली, चैत्रातलीही गेली. आता वैशाखातली तेवढी हातात आहे, तीही वळवाने साथ दिली तर. एकदा मृग लागला की दसरा होईपर्यंत आमचं आकाश बंद.

माझी मागणी स्पष्ट आहे. १५ अंशांपर्यंत खरोखर उतरणारा माउंट, पाठवण्याआधी तसा उतरवून, त्याचा व्हिडिओ मला दाखवून, वैशाख अमावास्येच्या आधी बदलून द्यावा. तसा माउंट आपल्याकडे नसेल तर १,१२,००० रुपये आणि वाहतूक खर्च पूर्ण परत करावा. सध्याचा माउंट आपल्या खर्चाने घेऊन जावा. मूळ खोकं आणि आतला थर्मोकोल मी जपून ठेवला आहे. काहीही झालं तरी संकेतस्थळावरची अक्षांश मर्यादा लगेच दुरुस्त करावी, आणि २० अंशांखाली राहणाऱ्या ज्या ग्राहकांनी हा माउंट आधी घेतला आहे त्यांना आपणहून कळवावं. हे शेवटचं मला परताव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कुणी तरी कॉलेजचा मुलगा पैसे साठवून हा माउंट घेईल आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून छंद सोडून देईल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. ते न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जाईन. तिथे जायची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे, पण वेळ आली तर मी मागे हटणार नाही.

बिलाची प्रत, वर सांगितलेले फोटो आणि आपल्या ईमेलच्या प्रती सोबत आहेत. कृपया उत्तर लेखी द्यावं.

आपली,
(नाव व पत्ता बिलावर असल्याप्रमाणे)