उद्यानं रस्त्यापेक्षा खाली ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. गाळ निघायलाच हवा. पण पावसाचं पाणी नाल्यात पोहोचण्याआधी वाटेत कुठे थांबू शकेल, हे कोणी विचारत नाही.

मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर सर्व्हेअर होतो. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावायची, स्टाफ म्हणजे उभी मोजपट्टी वाचायची, कुठली जागा कशापेक्षा किती उंच ते वहीत लिहायचं. निवृत्तीनंतरही नजर तीच राहिली आहे. बोरिवली पूर्वेला आमच्या घराजवळच्या एका उद्यानाचं नुकतंच नूतनीकरण झालं. जुन्या मातीवर भराव घातला, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले, झाडांना बुंध्यापर्यंत कट्टे बांधले. सगळी जागा रस्त्यापेक्षा फूटभर वर आली आणि उतार दिला तो फाटकाकडे! पूर्वी त्या मातीत साचून राहणारा पाऊस आता थेट रस्त्यावर येणार. सोसायट्यांची आवारं, शाळांची मैदानं, सगळीकडे हाच प्रकार. जो तो आपली जागा उंच करतो आणि पाणी शेजारी लोटतो. शेवटी ते ज्यांना भराव घालणं परवडत नाही, त्या बैठ्या चाळींत शिरतं.

माझं मागणं एवढंच की पालिकेचं उद्यान किंवा मैदान नव्याने करताना त्याची पातळी लगतच्या रस्त्यापेक्षा खाली ठेवावी. कर्बस्टोनमध्ये, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडांत, जागोजागी खाचा ठेवून रस्त्याचं पाणी आत घ्यावं. आत आल्यावर आधी गाळ-कचरा अडवणारा लहान खड्डा, पुढे खोलगट हिरवळ, एका टोकाला जादा पाण्यासाठी सांडवा आणि तळाशी बारीक पाइप, म्हणजे पाणी दिवसभरात निघून जाईल. काठाला करंज, जांभूळ, वाळा लावावा. ही झाडं ओल सोसतात आणि वाळ्याची मुळं माती धरून ठेवतात.

हिशेब करून पाहा. एक एकर मैदान एक फूट खोल ठेवलं तर सुमारे १२ लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर. मुंबईच्या पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात नाल्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० मिलिमीटर पावसाइतकी करायचं ठरलं. ताशी ५० मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर तासाभरात ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे त्या एका मैदानात जवळपास २.४ हेक्टरचं तासाभराचं पाणी थांबेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढं पाणी कुठलंही मैदान पेलणार नाही. मी बोलतोय ते दरवर्षीच्या तुंबण्याबद्दल. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही. अशा वेळी काही तास पाणी धरून ठेवलं तरी पुष्कळ. दादरजवळच्या हिंदमाता या सखल भागाचं पाणी साठवायला पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या त्या याचसाठी. तेच काम उघड्या मैदानात फार कमी खर्चात होईल.

जुलैत जमीन आधीच भिजलेली असते, खाली काळा पाषाण असतो, त्यामुळे सगळं पाणी मुरेल असं मी म्हणत नाही. मुरलं नाही तरी ते थांबलं पाहिजे. डासांची भीती अनेकांना वाटते. पण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि हे पाणी एका दिवसात निघालेलं असेल. त्यासाठी पाइप तुंबू न देणं मात्र आलंच; ती जबाबदारी कंत्राटातच लिहायला हवी.

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात २.७ किलोमीटरचा सिमेंटचा कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. ते काम २०१२ मध्ये पूर्ण झालं. पाऊस वाढला की नदी उद्यानात पसरते, लोक वरच्या बाजूला सरकतात. आमच्या दहिसर आणि पोयसर नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून मोकळ्या येतात आणि वस्तीत शिरल्या की भिंतींमध्ये कोंडल्या जातात. नदीलगत जिथे उद्यान किंवा मैदान आहे, तिथे तरी भिंत मागे घेता येणार नाही का?

मार्च २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात हिरवाई आणि पूर हे दोन्ही विषय आहेत. प्रत्यक्षात बागा उद्यान खातं करतं आणि पाणी पर्जन्य जलवाहिन्या खातं बघतं. म्हणून उद्यानाच्या प्रत्येक नकाशावर रस्त्याची आणि उद्यानाची, दोन्ही पातळ्या लिहिणं सक्तीचं करावं. पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या अभियंत्याची सही झाल्याशिवाय काम सुरू होऊ नये, आणि तो नकाशा कामाच्या जागी फलकावर लावावा. आमच्या वॉर्डात असा नकाशा लागला तर लेव्हल तपासून द्यायला मी विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर, बोरिवली (पूर्व), मुंबई