कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मामा,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्या सांभाळणारे इतरही वाचतील, म्हणून हे उघडच लिहितोय.

वडिलांच्या माघारी त्यांची १९७८ ची पद्मिनी मी चालवतो. पेट्रोलचा वास येतो म्हणून गॅरेजं पालथी घातली. एकानं ‘जुनी गाडी म्हटल्यावर वास यायचाच’ म्हणत वाटेला लावलं. दुसऱ्यानं पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आणि तसलीच साधी नळी बसवली. वर ‘कचरा दिसतो बघा’ म्हणून कौतुक! जोडातून पेट्रोल पाझरत होतं आणि शेजारी इंजिन तापलेलं. त्या माणसांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बॉनेट उघडलंत, वास घेतलात आणि विचारलंत, ‘मागच्या सीटवर कोण बसतंय?’

‘आई आणि लेक.’

तुम्ही माझ्या हातातली किल्ली घेऊन स्वतःच्या खिशात टाकलीत. ‘आज ही गाडी इथनं हलत नाही.’ पैशाचं बोलणं अजून व्हायचं होतं. माझ्या माणसांची काळजी आधी केलीत, गिऱ्हाइकाची नंतर. मामा, ती खिशात गेलेली किल्ली मी विसरणार नाही.

मग बाकीची जुनी रबरी नळी उभी चिरून दाखवलीत. वरून धड, आतून भेगाच भेगा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाला त्यातून भाव मिळतो, चांगलंच आहे. पण जुन्या रबराला ते सोसत नाही. तुम्ही आतून व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं अस्तर असलेली, ‘एसएई जे३० आर९’ हे इंधन-नळीचं मानक छापलेली नळी मागवलीत. फिल्टर धातूचा, तोही एक्झॉस्टपासून लांब. खाचांच्या क्लिपा रबर कापतात म्हणून गुळगुळीत पट्टीच्या लावल्यात. शेवटी इंजिन चालू ठेवून एकेका जोडावरून कोरडं फडकं फिरवलंत.

ऑइल इंजिनं घडवणाऱ्या या गावात असे हात अजून आहेत, याचा फार आधार वाटतो. नळीच्या आत कोण बघायला जातंय? तरी तिथंही चोख काम करणारा माणूस भेटला की गावावरचा विश्वास वाढतो.

परवा आईला जोतिबाला नेऊन आणलं. अख्ख्या चढाला तिनं नाकाला पदर लावला नाही.

मजुरी मात्र तुम्ही फार कमी घेतलीत, ते मला पटलेलं नाही. रविवारी उरलेले पैसे घेऊन येतोय. नाही म्हणायचं नाही.

आपला,
पद्मिनीवाला