वाडा मोजा, अंतर मोजा : ग्रामविकास व पंचायत राज मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
ग्रामविकास व पंचायत राज खाते,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

सविनय नमस्कार.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात येतील, तेव्हा जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या पट्ट्यातले कित्येक वाडे (लहान वस्त्या) त्यांना अर्धे कुलूपबंद दिसतील. भाताची सुगी डिसेंबरपर्यंत उरकते. मग कर्ती माणसे गोव्याला, कोल्हापूर-पुण्याकडे कामाला जातात आणि मृगाच्या तोंडावर पेरणीला परततात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही तो गावात धरला जात नाही, जिथे असेल तिथे धरला जातो, असा जनगणनेचा नियम आहे. नियमाबद्दल आमची तक्रार नाही. पण वर्षातले सगळ्यात रिकामे दिवस मोजले जाणार आणि त्याच आकड्यावर पुढची निदान दहा वर्षे पंचायतीचा निधी, सदस्यांची संख्या, रस्त्याची पात्रता आणि अंगणवाडीचा दर्जा ठरणार. म्हणून हे पत्र मोजणीआधी लिहीत आहोत.

मूळ दुखणे असे की निधी डोक्यांवर येतो आणि खर्च वाड्यांवर व अंतरावर होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले, तेही २०११ च्या जनगणनेवर. राज्य वित्त आयोगाची शिफारस नसेल तर राज्याच्या आतही हेच प्रमाण.

हिशेब मांडून बघू. सोयीसाठी माणशी ५०० रुपये धरा. मैदानातल्या ६,५०० लोकांच्या पंचायतीला ३२ लाख ५० हजार मिळतात. पश्चिमेकडच्या २,८०० लोकांच्या, नऊ वाड्यांच्या पंचायतीला १४ लाख. त्यातले ६० टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार, पंधराव्या आयोगाच्या नियमाने पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. बाकी सगळ्यासाठी उरतात ५ लाख ६० हजार. मैदानातल्या पंचायतीचे दोन बोअर, दोन टाक्या आणि दोन वॉटरमनवर भागते. इथे नऊ पंप, नऊ टाक्या, नऊ ठिकाणचे व्हॉल्व्ह सोडायला नऊ माणसे आणि वीजबिलेही नऊ. घरे बंद झाली म्हणून यातला एकही खर्च कमी होत नाही, मात्र घरपट्टी आणि पाणीपट्टी थकते.

पाण्याचा विषय जरा सविस्तर मांडतो, कारण पैसा नेमका कुठे मुरतो ते इथे दिसते. जंगलातून आलेल्या लांबलचक लाइनीच्या टोकाला व्होल्टेज कमी असते. पावसात फांदी पडून एक फेज जातो, मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि कॉइल जळते. रिवाइंडिंगला मोटर खानापूरला किंवा बेळगावला न्यायची, म्हणजे गाडीभाडे वेगळे आणि चार-पाच दिवस वाड्याला पाणी नाही. प्रत्येक स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारे यंत्र) आणि ड्राय-रन संरक्षण (पाणी नसले की मोटर थांबवणारे) बसवले आणि पंचायतीत एक मोटर राखीव ठेवली, तर ही रड बरीचशी थांबते. पण योजनेच्या अंदाजपत्रकात नवी टाकी आणि नवी पाइप बसते, राखीव मोटर बसत नाही.

मुळात अनेक वाड्यांना पंपाची गरजच नाही. पंचवीस घरांचा, १२५ माणसांचा वाडा घ्या. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ६,८७५ लिटर. मिनिटाला ५ लिटर देणारा वाड्याच्या वरच्या अंगाचा झरा चोवीस तासांत ७,२०० लिटर देतो. रात्रीचे पाणी साठवायला १०,००० लिटरची टाकी पुरते. वीजबिल शून्य. अट एकच : झरा एप्रिल-मे महिन्यात मोजायचा. १५ लिटरची बादली तीन मिनिटांत भरली तर योजना धरावी. आपले सर्वेक्षण ऑक्टोबरात होते, तेव्हा प्रत्येक झरा भरभरून वाहतो आणि योजना पहिल्याच उन्हाळ्यात कोरडी पडते. झऱ्याच्या तोंडाशी झाकणबंद चेंबर, गाळ बसायला कुंडी आणि टाकीला धुण्याचा व्हॉल्व्ह हवा. पाइप निदान अडीच फूट पुरावी; उघडी राहिली तर गवे तुडवतात. एवढे छोटे काम ठेकेदार घेत नाही, कारण वाळू-खडी लांबून आणायची असते आणि दरपत्रकातल्या वाहतुकीच्या दरात ते परवडत नाही. अशी आठ-दहा कामे एका पॅकेजमध्ये काढावीत आणि जंगल भागासाठी वाहतुकीचा दर वेगळा लावावा.

वेळेचाही प्रश्न आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथल्या पावसात काँक्रीट टाकता येत नाही. कामाचे दिवस नोव्हेंबर ते मे. हप्ता फेब्रुवारीत आला आणि ३१ मार्चला हिशेब बंद करायचा असला, तर काम धड होत नाही किंवा फक्त कागदावर होते. पश्चिम भागाचा हप्ता ऑक्टोबरअखेर खात्यावर हवा.

रस्त्याचे बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यातही २०११ च्या गणतीने मैदानी भागात ५०० लोकवस्तीची अट आहे. डोंगरी राज्ये आणि काही विशेष भागांना २५०. कर्नाटक डोंगरी राज्यात मोडत नाही, म्हणून कणकुंबीकडच्या घाटातल्या वाड्याला विजापूरच्या सपाटीचा निकष लागतो. दीडशे-दोनशे लोकांचे वाडे कायमचे यादीबाहेर. १०० ते ५०० वस्तीच्या वाड्यांसाठी राज्याने अंदाजपत्रकात स्वतःचे लेखाशीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) काढावे. सगळीकडे डांबरच हवे असा आमचा हट्ट नाही. पावसाळ्यात वाहून न जाणाऱ्या मोऱ्या, चढावर काँक्रीटच्या दोन पट्ट्या आणि ओढ्यावर रुग्णवाहिका जाईल एवढा पूल, एवढ्यावर वाडा तग धरतो. अभयारण्याबाहेरच्या जंगलात वनखात्याची परवानगी ही सबब होऊ नये. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली रस्ता, पाण्याची पाइप, शाळा, अंगणवाडी, विजेची तार अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे आणि ग्रामसभेची शिफारस असली की विभागीय वनाधिकारी मंजुरी देऊ शकतात. हे अर्ज भरायला पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) कोणी शिकवलेले नाही. तालुक्यात एक दिवसाचे प्रशिक्षण पुरेल.

शाळा आपल्या खात्याची नाही, तरी ती वगळून हा विषय पुरा होत नाही, कारण बहुतेक घरांना कुलूप शाळेपायी लागते. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये अनुदान, पट ३० वर आला की १०,०००. एक मूल कमी झाले की १५ हजार गेले. छप्पर, खडू, वीज मात्र तेवढेच. माध्यान्ह आहारात प्राथमिकच्या मुलामागे साहित्याचा दर मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. दहा मुलांचे झाले ६७ रुपये ८० पैसे. एवढ्यात डाळ, भाजी, तेल आणि सरपण कसे बसवायचे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच ठाऊक. शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात दोघांतला एक प्रतिनियुक्तीवर किंवा मतदारयादीच्या कामावर असतो आणि एक शिक्षक पाच वर्ग सांभाळतो. पालक एक वर्ष वाट बघतात. मग आई मुलांना घेऊन खानापुरात किंवा बेळगावात खोली करते, म्हातारी माणसे मागे राहतात, आणि दोन-तीन वर्षांत शेत पडते. पडीक शेताचे बांध फुटतात, रानडुकरांना लपायला जागा होते आणि शेजाऱ्याचे भातही जाते. मग तोही निघतो.

मराठी शाळांवर यात दुहेरी मार आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मातृभाषेतल्या शिक्षणासाठी १९४९ पासून चालत आलेले प्रमाण म्हणजे वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले. वाडा ओसरला की ते गाठता येत नाही. जवळच्या शाळेत विलीन करू म्हणावे, तर जवळची शाळा त्याच माध्यमाची असतेच असे नाही. घटनेचे कलम ३५०अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा असे सांगते. तेव्हा मराठी शाळेचा पट मोजताना अंतर आणि माध्यम दोन्ही धरा, आणि वीसखालच्या पटाच्या शाळेतला शिक्षक प्रतिनियुक्तीवर हलवू नका.

पंचायत राज कायद्यात बेळगावसह मलनाड (डोंगरी) जिल्ह्यांसाठी २,५०० लोकसंख्येची पंचायत करता येते. इतरत्र ५,००० ते ७,०००. कायदा करणाऱ्यांनी अंतराचा विचार केला होता, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण ही मर्यादाही डोक्यांचीच आहे आणि सदस्यही ४०० लोकांमागे एक. नव्या गणतीत पंचायत २,५०० खाली आली म्हणून ती जोडू नका. जोडली तर वाड्यावरच्या माणसाला एका दाखल्यासाठी वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागेल आणि दिवसाची मजुरी बुडेल. आजच एका पीडीओकडे दोन पंचायतींचा कारभार असला की बिले अडकतात. पंचायतीची बिले भागवायच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर डिजिटल सही लागते. बदली झाली किंवा सहीची मुदत संपली की नवी सही जोडेपर्यंत वॉटरमनचा पगार थांबतो. मुदत संपण्याच्या एक महिना आधी नूतनीकरण व्हावे, अशी व्यवस्था तालुका पातळीवर सहज करता येईल. शिवाय जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक रखडली, आणि वित्त आयोगाचा निधी लोकनियुक्त संस्थांनाच मिळतो. वरून मिळू शकला असता तो आधारही त्यामुळे गेला.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या २७ कुटुंबांना बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी १५ लाखांचे पॅकेज मिळाले. राजीखुशीने निघणाऱ्यांना ते मिळावेच. पण सोडायला पैसा आहे आणि राहायला नाही, असे चित्र उभे राहिले, तर राजीखुशी या शब्दाला अर्थ उरत नाही. ‘नाहीतरी उठणारच आहेत’ असे म्हणून कुठल्याही वाड्याची पाइप, पूल किंवा शिक्षक अडवला जाऊ नये. मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि तिचे पाणी नविलुतीर्थ धरणातून हुबळी-धारवाडपर्यंत जाते. या डोंगरात माणूस राहतो, बांध धरतो, वणवा विझवतो, यात खालच्या शहरांचाही फायदा आहे.

आमचे मागणे असे. राज्य वित्त आयोगाच्या वाटपात प्रत्येक पंचायतीला आधी ठरावीक मूळ रक्कम द्या, मग वस्ती असलेल्या प्रत्येक वाड्यामागे आणि तालुक्यापासूनच्या किलोमीटरमागे, आणि उरलेले डोक्यांवर. २०२७ च्या आकड्याने ज्या पंचायतीचा वाटा घटेल, तिला पाच वर्षे २०११ च्या लोकसंख्येचा आधार ठेवा. हंगामी बाहेर जाणाऱ्यांची नोंदवही प्रत्येक पंचायतीत ठेवण्याचा आदेश काढा. नाव, कामाचे ठिकाण, जाण्या-येण्याचा महिना एवढे रकाने बस्स. वाचन मेअखेरच्या ग्रामसभेत व्हावे, कारण तेव्हा माणसे घरी असतात. आदेश आणि नमुना कन्नडबरोबर मराठीतही द्या, म्हणजे भरताना चुका होणार नाहीत.

वाडावार घरे, बंद घरे, पाण्याचे उगम आणि शाळेचा पट यांचा तक्ता आम्ही तयार करत आहोत. आपण तालुक्यात बैठक लावावी, ती पावसाआधी लावावी आणि शक्य तर बेळगावात न घेता जांबोटीत घ्यावी. त्या रस्त्याने आलात की अर्धा तक्ता आपोआप वाचून होईल.

आपले,
खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील ग्रामपंचायत व शाळा समित्यांचे काम पाहणारे ग्रामस्थ